कुरारे आणि त्याचे सोबती

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा ठरलेली होती. कामगार चळवळीतला माणूस म्हटला म्हणजे तो एकतर १९८२ च्या गिरणी संपावर बोलणार, नाहीतर नव्या कामगार संहितांवर. आम्ही 'शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी देतात त्या औषधांचा इतिहास' असे लिहून पाठविले. त्यावर त्यांनी फोन करून, चिठ्ठी चुकून दुसऱ्या कोणाची तर आली नाही ना, अशी खात्री करून घेतली. चूक झालेली नव्हती. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा आठवीत सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते रात्रशाळेत, नगर वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर तारखेची वाट पाहत. तेव्हा ह्या लेखात कोणी वैद्यकीय सल्ला शोधू नये. पण एका रात्री हा विषय आमच्या अंगावर येऊन आदळला, आणि तेव्हापासून जमेल तसे, शब्दकोश मांडीवर घेऊन, आम्ही त्याच्या मागे लागलो आहो. ती रात्र आधी सांगितली पाहिजे.

१९९७ च्या पावसाळ्यात आमच्या संघटनेच्या एका सभासदाचे पोट संध्याकाळी एकाएकी दुखू लागले. तो कीटकनाशके तयार करणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होता. तालुक्याच्या गावी एका लहान रुग्णालयात त्याला नेले. अपेंडिक्स सुजले आहे, आताच कापावे लागेल, असे ठरले. रात्री दहाच्या सुमारास त्याला आत घेतले. आम्ही, त्याची बायको आणि दोघे सोबती बाहेर बाकावर बसलो. तासाभरात सर्जन हात पुसत बाहेर आले व काम नीट झाले असे सांगून घरी गेले. रोगी मात्र बाहेर येईना. बारा वाजले, एक वाजला. दार अर्धवट उघडे होते त्यातून दिसत होते की भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई रबरी पिशवी हाताने दाबीत उभ्या आहेत. दाबीत आहेत, सोडीत आहेत. शस्त्रक्रिया संपून दोन तास झाले तरी माणूस आपण होऊन श्वास घेत नव्हता.

अडीचच्या सुमारास पिशवी परिचारिकेच्या हाती देऊन बाई बाहेर आल्या. त्यांनी विचारले, "हे काम कसले करतात?" आम्ही कारखान्याचे नाव सांगितले. त्या म्हणाल्या, "नाव नको. दिवसभर हाताने काय हाताळतात ते सांगा." आम्ही सांगितले : पिंपातला माल बाटल्यांत भरतो, सांडले तर फडक्याने पुसतो, हातमोजे फाटले की नवे मिळेपर्यंत तसाच भरतो. बाई क्षणभर थांबल्या, "मग बरोबर आहे," एवढेच म्हणाल्या आणि परत जाऊन पिशवी हातात घेतली. पहाटे पाचला त्याचा श्वास परत आला. तो वाचला. आज तो निवृत्त होऊन गावी आंब्याची कलमे सांभाळतो.

काय बरोबर होते ते बाईंनी दुसऱ्या दिवशी आम्हांला समजावून सांगितले आणि आमची चिकाटी पाहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक महिनाभराच्या बोलीने दिले. ते आम्ही दोन वर्षे ठेवले, ही गोष्ट येथे कबूल करतो.

आता इतिहास. तो सुरू होतो दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात, शिकाऱ्यांच्या बाणाच्या टोकावर. ओरिनोको आणि ॲमेझॉन ह्या नद्यांच्या खोऱ्यांतले आदिवासी फुंकनळीतून काड्यांएवढे बाण उडवीत. बाणाला काळा चिकट लेप असे. पक्षी वा वानर ह्यांना नुसते खरचटले तरी ते अंगातले बळ जाऊन खाली पडे आणि मरे. ह्या लेपाला कुरारे, उरारी, वुराली अशी प्रांतोप्रांतीची नावे होती. युरोपीय प्रवाशांनी त्याभोवती भुताखेतांच्या गोष्टी पुष्कळ रचल्या. प्रत्यक्ष तयार होताना पाहून नीट लिहून ठेवणारा पहिला शास्त्रज्ञ जर्मन प्रवासी अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट. १८०० साली ओरिनोकोच्या काठी एस्मेराल्डा नावाच्या वस्तीत एका वृद्ध कारागिराने त्याच्यासमोर हे विष शिजविले. वेलीची साल खरवडायची, कुटायची, केळीच्या पानाच्या शंकूतून पाणी गाळायचे, मातीच्या भांड्यात आटवायचे. आटले किती हे पाहण्यासाठी कारागीर मधूनमधून थेंब जिभेवर ठेवी, कारण पोटात गेले तर हे विष बाधत नाही; रक्तात मिसळले तरच बाधते. त्या म्हाताऱ्याला आपल्या कसबाचा मोठा अभिमान होता. गोऱ्यांच्या बंदुकीच्या दारूने आवाज होऊन शिकार पळते, आमचे विष गुपचूप काम करते, अशा अर्थाचे काही त्याने हुम्बोल्टला ऐकविले. आम्हांला हा कारागीर फार आवडतो. औषधशास्त्राच्या इतिहासात त्याचे नाव नाही. चव पाहून मात्रा ठरविणाऱ्या त्या माणसाला प्रयोगशाळेतील साहाय्यकाचा मान तरी द्यायला हरकत नव्हती.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. एस्मेराल्डाची वेल ही आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या म्हणजे कुचल्याच्या जातकुळीतली. पश्चिम ॲमेझॉनमधील कुराऱ्याची वेल वेगळी. ती आपल्या गुळवेलीच्या कुळातली. काजऱ्याच्या बीने माणसाला आचके येतात आणि त्याच्या अमेरिकन भाऊबंदाने माणूस लुळा पडतो. गुळवेल आपण काढ्यात घालतो आणि तिची दूरची बहीण बाणाला लावतात. गुळवेलीच्याच कुळातल्या आपल्या पहाडवेलीपासून कुराऱ्यासारखे औषध तयार करून ते भारतीय संशोधकांनी १९५० च्या दशकात तपासले होते. हयाटीन हे त्यातील द्रव्याचे नाव. ते मागे पडले. असो.

कुराऱ्याने प्राणी मरतो तो कशाने, ह्याचे उत्तर एका गाढवीने दिले. इंग्लंडातला चार्ल्स वॉटरटन नावाचा एक विक्षिप्त जमीनदार १८१२ साली गयानाच्या अरण्यात जाऊन हे विष घेऊन आला. १८१४ साली लंडनमध्ये गाढवांवर प्रयोग झाले. एका गाढवीला विष टोचले. ती दहाएक मिनिटांत निपचित पडली. तेव्हा तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन त्यातून भात्याने हवा भरू लागले, आपला लोहार वापरतो तसल्या भात्याने. दोन तासांनी तिने मान उचलली. भाता थांबवताच ती पुन्हा पडली, पुन्हा दोन तास भाता चालविला आणि मग ती आपल्या पायांवर उभी राहिली. तिचे नाव वुरालिया ठेवले गेले आणि १८३९ पर्यंत, म्हणजे पुढे पंचवीस वर्षे, ती वॉटरटनच्या कुरणात चरत होती. अर्थ स्पष्ट होता. कुरारे हृदय थांबवीत नाही. ते श्वासाचे स्नायू लुळे करते. कोणी बाहेरून श्वास देत राहिला तर विष आपोआप उतरते. तालुक्याच्या त्या रुग्णालयात बाईंनी रात्रभर जे केले ते हेच.

पुढची पायरी फ्रान्समधील क्लोद बर्नार याची, १८५० च्या आसपासची. त्याने बेडकाच्या मागच्या पायांकडे जाणारे रक्त दोरीने बांधून बंद केले, मज्जातंतू तसेच ठेवले आणि पुढच्या भागात कुरारे टोचले. पुढचा भाग लुळा पडला. मग त्या लुळ्या भागाला चिमटा काढला, तर विष न पोचलेले मागचे पाय झटकले गेले! म्हणजे लुळ्या भागाला चिमटा कळला होता. फक्त हलता येत नव्हते. विषाचा घाव वेदनेवर नाही, मज्जातंतू जेथे स्नायूला भिडतो त्या सांध्यावर आहे. ह्या प्रयोगातला दुसरा अर्थ भयंकर आहे, आणि तो माणसांच्या बाबतीत लक्षात यायला पुढे शंभर वर्षे लागली. जनावरांच्या बाबतीत मात्र तो लवकर कळला होता. इंग्लंडात १८७६ साली जनावरांवरील प्रयोगांविषयी जो कायदा झाला, त्यात कुरारे ही भूल समजू नये असे स्पष्ट कलम घातलेले आहे. कायद्यातल्या कलमांशी आमचा जन्माचा संबंध. पण इतके शहाणे कलम आमच्या पाहण्यात फार आलेले नाही.

माणसाच्या शस्त्रक्रियेत कुरारे येण्यापूर्वी पोटाचे स्नायू सैल करायचे म्हणजे ईथर वा क्लोरोफॉर्म देत राहायचे, इतके की रोगी मरणाच्या उंबरठ्याशी जाई. लाइपझिगच्या लावेन यांनी १९१२ साली कुरारे वापरून पाहिले होते, पण खात्रीचा माल मिळत नसे. प्रत्येक भांड्यातील विषाची ताकद वेगळी. १९३८ साली रिचर्ड गिल हा अमेरिकन एक्वादोरच्या अरण्यातून सुमारे पंचवीस पौंड कुरारे घेऊन आला. त्याला स्वतःला अंग आखडण्याचा आजार होता आणि ह्या विषाने तो बरा होईल अशी त्याला आशा होती. त्या मालापासून स्क्विब कंपनीने मोजलेल्या ताकदीचे औषध केले, आणि २३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ व एनिड जॉन्सन ह्या डॉक्टरांनी ते एका तरुण प्लंबरला अपेंडिक्स काढताना भुलेसोबत दिले. पोट मऊ झाले, सर्जनचे काम सोपे झाले, तरुण सुखरूप उठला. भूलशास्त्रात हा दिवस युगारंभाचा मानतात. आमच्या सभासदाची शस्त्रक्रियाही तीच, हा योगायोग पुस्तकात वाचला तेव्हा आम्ही थोडा वेळ पान उलटू शकलो नाही.

औषध नवे होते तेव्हा काही डॉक्टरांना असे वाटू लागले की कुराऱ्यानेच थोडीफार भूल येत असावी. रोगी हालत नाही, ओरडत नाही, मग त्याला दुखत नसणारच! न बोलणाऱ्याची तक्रार नाही असे मानण्याची ही सवय आमच्या चांगल्या ओळखीची आहे. १९४६ साली लंडनच्या प्रेस्कॉट या डॉक्टरांचा स्वतःवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. जागेपणी कुरारे टोचून घेऊन ते लुळे पडले, घशात लाळ साचू लागली, गुदमरून मरतो की काय असे त्यांना झाले, आणि हे सांगण्यासाठी बोटही हलविता येईना. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यूटा येथे स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने नेहमीच्या पुऱ्या मात्रेच्या अडीचपट औषध जागेपणी घेतले. सहकारी त्याला श्वास देत राहिले. नंतर त्याने सांगितले की आपण प्रत्येक शब्द ऐकला, प्रत्येक स्पर्श आपल्याला कळला, शुद्ध क्षणभरही हरपली नाही. १८७६ च्या कलमात जनावरासाठी जे मान्य केले होते ते माणसासाठी सिद्ध व्हायला १९४७ उजाडले.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. कुरारे एकटे नाही; त्याला सोबती आहेत, आणि ह्या सोबत्यांचे आपापसांत कसे जमते व कसे बिनसते, हा ह्या इतिहासाचा गाभा आहे. शास्त्रीय भाषेत ते सांगायला आम्ही असमर्थ आहो, म्हणून आमच्या भाषेत सांगतो.

स्नायू हा एक कारखाना समजा. मज्जातंतू हा हुकूम सोडणारा. हुकूम सुटला की ॲसिटिलकोलीन नावाच्या द्रव्याचे कण कामगारांप्रमाणे फाटकातून आत शिरतात, कार्ड पंच करतात आणि यंत्र एकदा फिरते. लगेच फाटकावरचा पहारेकरी, म्हणजे कोलिनेस्टरेज नावाचे एन्झाइम, त्यांना बाहेर काढतो, म्हणजे पुढच्या हुकुमाला फाटक मोकळे. कुरारे काय करते? ते फाटकात धरणे धरून बसते. स्वतः आत जात नाही, दुसऱ्याला जाऊ देत नाही. यंत्र थांबते.

हे धरणे उठविण्याची युक्ती १९०० साली व्हिएन्नाच्या याकोब पाल यांना सापडली, तीही दुसऱ्या एका विषात. पश्चिम आफ्रिकेत कालाबार येथे गुन्हेगार ठरविण्यासाठी संशयिताला एक शेंगेची बी खायला देत. जगला तर निर्दोष. त्या बीतील फायसोस्टिग्मीन हे द्रव्य कुराऱ्याने लुळ्या पडलेल्या जनावराला पुन्हा हालते करते असे पालला दिसले. ते पहारेकऱ्याला झोपविते. मग कामगार बाहेर काढले जात नाहीत, फाटकाशी त्यांची गर्दी वाढत जाते आणि रेट्याने धरणेकरी बाजूला होतात. १९३१ साली ह्याच धर्तीचे नीओस्टिग्मीन हे औषध रसायनशाळेत बनले, आणि आजही ते शस्त्रक्रियेच्या शेवटी देतात. एका खंडातले बाणाचे विष आणि दुसऱ्या खंडातले न्यायनिवाड्याचे विष, दोन्ही एकाच रोग्याच्या शिरेत, एक आधी आणि एक नंतर!

तिसरा सोबती सक्सिनिलकोलीन. आपल्याकडे शस्त्रक्रियागृहांत त्याला स्कोलीन ह्या नावाने ओळखतात. त्याची कथा आम्हांला साऱ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. हे द्रव्य १९०६ सालीच अमेरिकेत हंट व टाव्हो यांनी तपासले होते. ह्या जातीच्या द्रव्यांचा रक्तदाबावर परिणाम काय होतो हे त्यांना पाहायचे होते. जनावर हलू नये म्हणून त्यांनी ते आधीच कुरारे देऊन लुळे केलेले होते. त्यांनी रक्तदाब अचूक मोजला, टिपण प्रसिद्ध केले आणि काम संपविले. सक्सिनिलकोलीन काही क्षणांत स्नायू लुळे करते ही त्याची मुख्य शक्ती त्यांना दिसलीच नाही. दिसणार कशी? लुळ्या पडलेल्या जनावराला आणखी लुळे कसे करणार! पुढे चाळीसहून अधिक वर्षे ते द्रव्य फडताळात पडून राहिले. १९४९ साली रोममध्ये डॅनियल बोव्हे यांनी त्याचा खरा गुण उघड केला आणि १९५१ साली व्हिएन्ना व स्टॉकहोम येथे ते रोग्यांना दिले गेले. बोव्हेंना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात कुराऱ्यासारख्या औषधांवरील त्यांच्या कामाचाही वाटा आहे. हंट व टाव्हो निष्काळजी होते असे आम्ही म्हणत नाही. ते उत्तम कारागीर होते. त्यांनी फक्त एवढेच हिशेबात घेतले नाही की ज्याच्यावर आपण प्रयोग करतो त्याच्या अंगात आधीच काहीतरी आहे.

सक्सिनिलकोलीनची रीत निराळी. ते धरणे धरीत नाही. ते कामगाराचा वेष घेऊन आत शिरते, कार्ड पंच करते. म्हणून रोग्याच्या अंगावर क्षणभर लहरींसारखी थरथर दिसते. मग ते तेथेच बसून राहते आणि यंत्र अडकते. फाटकावरच्या पहारेकऱ्याला हा तोतया बाहेर काढता येत नाही. त्याला काढणारा दुसरा पहारेकरी आहे. तो रक्तात, म्हणजे हमरस्त्यावर, फिरत असतो. टोचलेल्या औषधापैकी बहुतेक तो वाटेतच फस्त करतो, फाटकापर्यंत थोडेच पोचते, आणि पाचदहा मिनिटांत सारे मोकळे होते. घाईच्या वेळी श्वासनलिकेत नळी घालायला हे औषध फार सोयीचे, ते ह्यामुळेच.

आता दोघांची गाठ घालून पाहा. कुरारे आधी बसलेले असेल तर तोतयाला जागा मिळत नाही, त्याची मात्रा वाढवावी लागते. म्हणून थरथर आणि दुसऱ्या दिवशीचे अंगदुखणे टाळण्यासाठी डॉक्टर कधीकधी मुद्दाम कुराऱ्याच्या जातीचे चिमूटभर औषध आधी देत आले. पॅटन व झाइमिस यांनी १९४८ च्या सुमारास डेकामेथोनियम ह्या तोतयाच्याच जातीच्या औषधावर काम करताना हा विरोध चांगला दाखवून दिला. उलट, कुराऱ्याला उठविणारे नीओस्टिग्मीन तोतयाच्या वेळी दिले तर? ते दोन्ही पहारेकऱ्यांना झोपविते. मग हमरस्त्यावर तोतयाला अडविणारा कोणी राहत नाही आणि लुळेपणा उतरण्याऐवजी लांबतो. एकाचा उतारा तो दुसऱ्याचा साथीदार! आणि तोतया फार वेळ, फार मात्रेत राहिला तर त्याचे वागणेच बदलते. तो धरणेकऱ्यासारखा होतो. ह्या दुहेरी अवस्थेवर १९५० च्या दशकात पुष्कळ वाद झाले.

बाहेरच्या मंडळींचीही ह्यात भर पडली. ईथर स्वतःच स्नायू सैल करते, म्हणून ईथरबरोबर कुराऱ्याची मात्रा सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर आणावी लागे. हे न कळल्याने किती जणांचा श्वास अडला असेल त्याची नोंद नाही. १९५६ साली असे प्रसिद्ध झाले की पोट शिवण्यापूर्वी जंतू मरावेत म्हणून आत ओतलेल्या निओमायसीनने रोग्यांचा श्वास थांबला. जंतुनाशक म्हणून दिलेले औषध स्नायूच्या फाटकाशी जाऊन बसले होते! स्ट्रेप्टोमायसीनमध्येही तो गुण निघाला. १९८० साली तर असे दिसले की कुराऱ्याच्याच बाजूची पण वेगळ्या घडणीची दोन औषधे एकत्र दिली, तर परिणाम दोघांच्या बेरजेहून अधिक होतो.

ह्या साऱ्याचा हिशेब एकदा मोठ्या प्रमाणावर मांडला गेला. अमेरिकेतील बीचर आणि टॉड यांनी १९४८ ते १९५२ ह्या काळातील दहा रुग्णालयांतील ५,९९,५४८ भुलींची नोंद तपासून १९५४ साली अहवाल दिला. स्नायुशिथिलक न दिलेल्यांत भुलेमुळे २१०० पैकी एक मृत्यू. दिलेल्यांत ३७० पैकी एक. जवळजवळ सहापट! मोठी खळबळ उडाली. औषधच विषारी आहे असा त्यांचा कल होता. इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या ग्रे व त्यांच्या मंडळींचे म्हणणे निराळे. त्यांनी १९४६ सालीच हजारावर रोग्यांचा अनुभव मांडला होता, आणि ते शेवटी नीओस्टिग्मीन देऊन लुळेपणा उतरवीत व तोवर श्वास चालू ठेवीत. आम्ही अपघातांच्या चौकशी अहवालांत आयुष्य घालविले आहे. यंत्र दोषी की यंत्र चालविण्याची पद्धत दोषी, हा वाद आम्हांला नवा नाही, आणि ह्या बाबतीत काळाने बव्हंशी लिव्हरपूलकरांच्या बाजूने कौल दिला. लुळेपणा पुरता उतरला की नाही हे डोळ्यांनी अजमावण्याऐवजी मज्जातंतूला विजेचे चार हलके झटके देऊन मोजावे, ही पद्धतही त्याच गावातून १९७० साली आली.

दरम्यान कोपनहेगन येथे १९५२ साली पोलिओची भयंकर साथ आली. तेथे ब्यॉर्न इब्सेन ह्या भूलतज्ज्ञाला सुचले की पोलिओने लुळा झालेला रोगी आणि कुराऱ्याने लुळा झालेला रोगी ह्यांत श्वासापुरता फरक नाही. गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि पिशवीने श्वास द्यायचा. यंत्रे नव्हती, म्हणून सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, दिवसरात्र, महिनोन्‌महिने पिशव्या दाबीत बसले. रात्रपाळी काय असते हे ज्याला ठाऊक आहे तोच ह्या गोष्टीची किंमत करू शकेल.

राहिला तो हमरस्त्यावरचा पहारेकरी. तो सर्वांच्या रक्तात सारखा नसतो. स्कोलीन दिल्यावर काहींचा श्वास तासन्‌तास का येत नाही, ह्याचा शोध टोरोंटोच्या व्हर्नर कालो यांनी लावला. काही घराण्यांत हे एन्झाइम जन्मतःच दुबळे असते, आणि ते ओळखण्याची चाचणी त्यांनी १९५७ साली दिली. दक्षिण भारतातील वैश्य समाजात असे दुबळे एन्झाइम इतरांपेक्षा बरेच अधिक आढळते हे आता चांगले माहीत झाले आहे. असा माणूस आजारी नसतो. स्कोलीनची गाठ पडेपर्यंत त्याला स्वतःलाही पत्ता नसतो.

पण जन्मतः धडधाकट असलेला पहारेकरी पुढे धंद्यात मारला जाऊ शकतो. जर्मनीत गेरहार्ड श्राडर यांनी १९३० च्या दशकापासून कीटकनाशके शोधता शोधता सेंद्रिय फॉस्फरसची जी द्रव्ये काढली, त्यांतील काही युद्धातील विषारी वायू झाली आणि काही, पॅराथिऑनसारखी, शेतात आली. नीओस्टिग्मीन पहारेकऱ्याला काही तास झोपविते. ही द्रव्ये त्याला कायमचे निकामी करतात, आणि नवा तयार व्हायला आठवडे लागतात. १९५८ साली केरळात पॅराथिऑन सांडलेल्या पिठाने शंभरावर माणसे मेली. त्यानंतरच्या हालचालींतून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले, शेकडो रुग्णालयांत गेले. ही मरणे वर्तमानपत्रांत आली. परंतु जो मरत नाही, ज्याला नुसते गरगरते, घाम येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठीवर पंप चढवावा लागतो, त्याच्या रक्तातला पहारेकरी किती उरला आहे हे कोणाला ठाऊक नसते. आणि त्याचेही अपेंडिक्स सुजू शकते.

आमच्या सभासदाचे हेच झाले होते. कीटकनाशकांविषयीच्या १९७१ च्या नियमांत, ही द्रव्ये हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज ठराविक मुदतीने मोजावे असे लिहिलेले आहे. त्या कारखान्यात ते मोजलेही जात होते! घटनेच्या अडीच महिने आधी त्याचे रक्त घेतलेले होते आणि आकडा निम्म्याहून खाली होता. कागद फायलीत होता; फाईल कपाटात होती; कपाटाची किल्ली व्यवस्थापनाच्या कचेरीत होती. त्याला कामावरून हलविले नाही, कारण पॅकिंगला माणसे कमी होती. आणि त्याला आकडा सांगितला नाही, कारण विचारले कोणी? आम्हीही विचारले नव्हते. बोनसच्या टक्क्यांसाठी आम्ही त्या वर्षी अकरा बैठका घेतल्या होत्या. रक्ताच्या तपासणीचा विषय एकाही बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता, आणि ती पत्रिका आमच्याच हाताने लिहिलेली होती.

आज औषधे पुष्कळ सुधारली आहेत. रोकुरोनियम नावाचे धरणेकरी औषध १९९० च्या दशकात आले; ते पुऱ्या मात्रेत दिले तर जवळजवळ स्कोलीनइतक्याच चपळाईने काम करते आणि हमरस्त्यावरच्या पहारेकऱ्यावर अवलंबून राहत नाही. त्याला उतरविण्यासाठी सुगामाडेक्स हे औषध स्कॉटलंडमध्ये शोधले गेले आणि युरोपात २००८ साली, अमेरिकेत २०१५ साली मान्य झाले. साखरेच्या कणांचे कडे असे त्याचे रूप. ते रोकुरोनियमच्या कणाला आपल्या पोकळीत गिळून टाकते. फाटकाशी रेटारेटी करण्याची गरजच उरत नाही. मात्र ते स्कोलीनला गिळू शकत नाही, त्याचा तेथे काही उपयोग नाही. त्याची किंमतही नीओस्टिग्मीनच्या मानाने पुष्कळच जास्त आहे, आणि स्कोलीन स्वस्त व चपळ म्हणून अजून वापरात आहे. तेव्हा पहारेकऱ्याचा प्रश्न मिटलेला नाही.

१९९८ च्या करारात आम्ही एक कलम घालून घेतले. प्रत्येक कामगाराला त्याच्या रक्ततपासणीचा आकडा लेखी मिळावा, आणि तो कोणती द्रव्ये हाताळतो ते लिहिलेले कार्ड त्याच्या खिशात असावे. व्यवस्थापनाने कार्डाला हरकत घेतली नाही, आकड्याला घेतली. तीन बैठका त्यातच गेल्या. शेवटी मिळाले. कार्ड पिवळ्या रंगाचे होते. मराठी एका बाजूला आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला, कारण डॉक्टर कोणत्या भाषेत वाचील याचा भरवसा नाही. इंग्रजी मजकूर बाईंनी तपासून दिला आणि त्यात स्वतःच्या हाताने एक ओळ वाढविली : स्कोलीन देण्यापूर्वी विचार करावा. त्याच दिवशी आम्ही त्यांचे पुस्तक परत केले. काही पानांना डाळीचे डाग पडलेले होते. बाईंनी ते पाहिले आणि पुस्तक फडताळात ठेवून दिले.